वसूल आणि बाकी

बेसबॉल या अमेरिकेच्या लाडक्या खेळाची नियमावली क्रिकेटवर पोसलेल्या आपल्याकडील प्रेक्षकाने प्रथमच चाळली, तर तीतील एका तरतुदीने तो चकित झाल्यावाचून राहणार नाही. फलंदाजाने चेंडू उत्तम टोलवावा, धावत जाऊन पहिला बेस गाठावा, मागून येणाऱ्या सहकाऱ्याच्या टोल्यावर दुसरा आणि त्याच्याही मागच्याच्या पराक्रमावर तिसरा बेस पदरात पाडावा, आणि ज्या ठिकाणाहून तो निघाला तेथे परत पोहोचण्यास अवघे नव्वद फूट उरले असताना त्याच्या पक्षाचा तिसरा गडी बाद झाला, तर त्याची ती सारी धावपळ हिशेबातून समूळ पुसली जावी, अशी ही तरतूद आहे. क्रिकेटमध्ये एकदा काढलेली धाव कोणी परत घेत नाही. पुढे सारा संघ कोसळला तरी आधीची जमा तशीच राहते. या बाबतीत बेसबॉलचे नाते क्रिकेटपेक्षा आपल्या हुतूतूशी अधिक जवळचे आहे, कारण तेथेही चढाईस गेलेल्या गड्याने प्रतिपक्षाचे तिघे शिवले, परंतु मध्यरेषेला त्याचे बोट लागण्यापूर्वीच तो पकडला गेला, तर त्या तिघांना शिवण्याचे श्रेय त्याला मिळत नाही. घरी परतणे हीच तेथे वसुली. बाकी सर्व येणे.

अमेरिकन लोक हिशेबाचे पक्के. त्यांनी या बुडीत येण्याचाही स्वतंत्र रकाना धावफलकाखाली ठेवला आहे आणि प्रत्येक सामन्यानंतर कोणत्या संघाचे किती धावपटू बेसवर अडकून पडले याची नोंद त्यात होते. साधारणपणे एका संघाचे एका सामन्यात सातांच्या आसपास धावपटू असे अडकतात. १६२ सामन्यांच्या एका हंगामात हा आकडा हजाराच्या पुढे जातो. एखादा संघ काही आठवडे हरत राहिला की वृत्तपत्रांचे बोट नेमके याच रकान्यावर पडते. बेस भरलेले असताना यांच्या हातून टोला बसत नाही, यांचे हातपाय गळतात, यांना विजयाची भूकच नाही, असा निकाल देऊन मंडळी मोकळी होतात, आणि पुष्कळदा त्या निकालाच्या अंमलबजावणीत एखाद्या व्यवस्थापकाची नोकरीही जाते. आपल्याकडे बेसबॉल फारसा नसला तरी हा निकाल आपल्या अगदी ओळखीचा आहे. ‘ऐन वेळी कच खाल्ली’ हे तीन-चार शब्द मराठी माणसाने पानिपतापासून रणजी करंडकापर्यंत इतक्या प्रसंगी उच्चारले आहेत, की त्यांच्या मागे काही पुरावा लागतो याचाच त्याला विसर पडला आहे.

माझे म्हणणे असे, की हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. आणि त्याहून वाईट गोष्ट ही, की तो दिल्यामुळे खऱ्या कारणाची चौकशी दप्तरदाखल होऊन बंद पडते. अखेरच्या क्षणी जो उभा असतो तो सर्वांना दिसतो, म्हणून अपयशाचा बोजा त्याच्या माथी येतो. ज्या संधी मुळात निर्माणच झाल्या नाहीत त्यांना चेहरा नसतो, नाव नसते, आणि त्यांच्यासाठी कोणी अश्रूही ढाळत नाही. ज्या संघाचे एका सामन्यात दहा धावपटू अडकले त्याच्याविषयी हळहळ होते. ज्याचे दोनच अडकले, कारण बेसपर्यंत पोहोचले तेच मुळी दोन, त्याच्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. वस्तुतः पहिला संघ दुसऱ्याहून बलवान असण्याचाच संभव अधिक.

या प्रश्नाचा छडा अमेरिकेतच काही जिज्ञासूंनी लावून पाहिला. १९७७ साली रिचर्ड क्रेमर यांनी १९६९ आणि १९७० या लागोपाठच्या दोन हंगामांतील फलंदाजांची तुलना प्रसिद्ध केली. जे फलंदाज पहिल्या वर्षी मोक्याच्या प्रसंगी विशेष चमकले, ते दुसऱ्या वर्षी तसेच चमकतात काय, असा त्यांचा साधा प्रश्न होता. आणि उत्तर आले ते असे, की पहिल्या वर्षीच्या चमकीवरून दुसऱ्या वर्षीचा काही अंदाज बांधता येत नाही. ‘मोक्याचा फलंदाज’ असा काही स्थायी गुण असता तर तो वर्षाच्या सीमेवर असा विरघळून गेला नसता. पुढे बिल जेम्स या त्या विषयातील मातबर लेखकाने, एखादी गोष्ट आपल्या मोजमापात सापडली नाही म्हणून ती नाहीच असे म्हणू नये, असा इशारा दिला, आणि तो रास्तच होता. परंतु त्या इशाऱ्यानंतरही एवढे निश्चित राहते, की असा गुण असलाच तर तो इतका सूक्ष्म आहे, की दहा-पंधरा सामन्यांच्या धावफलकावरून तो हेरल्याचा दावा करणारा टीकाकार ज्योतिषाच्या पंक्तीत बसतो. त्याच्या जोडीला एक निर्विकार गणित आहे. तीन अचूक टोले एकाच डावात पाठोपाठ बसले तर एखादी धाव घरी येते. तेच तीन टोले तीन निरनिराळ्या डावांत विखुरले तर काहीच येत नाही. कौशल्य तेवढेच, श्रम तेवढेच. केवळ क्रम बदलला. हा क्रम फारसा कोणाच्या हातचा नसतो, आणि मनुष्याला मात्र क्रमामागे कर्ता शोधण्याची खोड असते.

येथे लोणावळ्याची आठवण होते. तेथे १९२४ साली कैवल्यधामाची स्थापना करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगाविषयीच्या परंपरागत समजुतींना हात जोडून न थांबता त्या उपकरणांनी तपासण्याचा उपक्रम आरंभिला. आसनाने आणि प्राणायामाने शरीरात काय घडते ते मोजावे, मग बोलावे, हा त्यांचा दंडक होता. ज्यांच्याविषयी श्रद्धा बाळगायची त्यांचीही मोजणी करण्यास ते कचरले नाहीत. खेळाडूंच्या मनोधैर्याविषयी आपण रोज जी बेलगाम विधाने करतो, त्यांना त्या दंडकाचा दशांश जरी लावला तरी अर्धे क्रीडासमीक्षण रद्द होईल, असे मला वाटते.

परंतु अमेरिकेपर्यंत जाण्याची तरी गरज काय? लोणावळ्याच्याच मावळ तालुक्यात, द्रुतगती मार्गाच्या कडेला, गहुंजे येथे २०१२ साली उभ्या राहिलेल्या क्रीडागाराने हा सारा वाद आपल्यासमोर मांडून ठेवला आहे. २३ फेब्रुवारी २०१७ रोजी तेथे पहिला कसोटी सामना सुरू झाला तेव्हा भारतीय संघ सलग एकोणीस कसोटींत अपराजित होता. ऑस्ट्रेलियाच्या २६० धावांना उत्तर देताना भारताने ३ बाद ९४ पर्यंत मजल मारली. लोकेश राहुल ६४ धावांवर स्थिरावला होता, रहाणे सोबतीला होता. येथे राहुलने स्टीव्ह ओकीफ या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला उंच फटकावण्याच्या नादात लाँग ऑफला झेल दिला. त्यानंतर त्याच षटकात रहाणे स्लिपमध्ये आणि साहाही स्लिपमध्येच टिपला गेला. चार चेंडूंत तीन गडी. पुढे अश्विन तेवढा लायनला मिळाला; बाकीचे ओकीफचेच. अखेरचे सात गडी अवघ्या अकरा धावांत गेले आणि डाव १०५ वर संपला. हाताशी आलेला डाव दवडल्याचे याहून ठसठशीत उदाहरण मिळणे कठीण, आणि त्या सायंकाळी दूरचित्रवाणीवरील पंडितांनी राहुलच्या त्या एका फटक्यावर जेवढे शब्द खर्ची घातले तेवढ्यांत एखादे व्याकरण लिहून झाले असते.

आता दुसरा डाव पाहा. ४४१ धावांचे लक्ष्य. दोन्ही सलामीवीर विसाच्या आत तंबूत. म्हणजे उधळून लावण्याजोगी सुस्थिती मुळात निर्माणच झाली नाही. कोणी स्थिरावून मग बेजबाबदार फटका मारला, आणि त्यामुळे पाठीमागच्यांचा धीर खचला, असा आरोप करण्यास काही जागाच नव्हती. तरी डाव संपला १०७ वर, आणि ओकीफच्या खात्यावर पुन्हा तेच आकडे पडले: ३५ धावांत ६ बळी. एका डावात संधी येऊन वाया गेली, दुसऱ्यात ती आलीच नाही. फळ मात्र दोन धावांच्या फरकाने एकच. मग राहुलच्या फटक्याने नेमके काय गमावले? त्या कोरड्या, पहिल्या दिवसापासून उकरलेल्या खेळपट्टीवर, जिला सामनाधिकाऱ्यांनी निकृष्ट ठरविले, सरळ आत येणारा आणि वळून बाहेर जाणारा चेंडू ओळखण्याची साधनसामग्री त्या दोन दिवसांपुरती भारतीय फलंदाजांपाशी नव्हती. स्टीव्ह स्मिथने त्याच मातीवर १०९ धावा काढल्या हे खरे. त्याचे झेल एकाहून अधिक वेळा सुटले हेही तितकेच खरे. ३३३ धावांच्या पराभवाचे मूळ त्या चार चेंडूंत शोधणे म्हणजे पूर येऊन गेल्यावर शेवटच्या सरीला जाब विचारणे होय.

ऑक्टोबर २०२४ चा सामना याहून सूक्ष्म आहे, आणि माझ्या प्रतिपादनाला अधिक अडचणीचाही. न्यूझीलंडविरुद्ध ३५९ धावांचा पाठलाग करताना तिसऱ्या दिवशी भारत २ बाद १२७ वर होता. यशस्वी जयस्वालने ६५ चेंडूंत ७७ धावा झोडपल्या होत्या आणि मैदानात असंभवनीय काही घडण्याची कुजबुज सुरू झाली होती. सँटनरच्या चेंडूवर तो स्लिपमध्ये झेल देऊन गेला; धावफलक तसाच असताना पंत एका चोरट्या धावेच्या घोळात धावबाद झाला; आणि पाहता पाहता १२७ वर २ चे १६७ वर ७ झाले. भारत ११३ धावांनी हरला आणि मायदेशातील सलग अठरा मालिकाविजयांची साखळी तेथे तुटली. पंतचे धावबाद होणे ही निखळ चूक होती. तिचे समर्थन मी करणार नाही. परंतु ११३ या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहावा: पहिल्या डावातील पिछाडी १०३ धावांची होती. म्हणजे पराभवाची जवळजवळ सारी रक्कम जयस्वाल दुसऱ्यांदा फलंदाजीस येण्यापूर्वीच नावे पडली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी जे दिसले ते थकलेल्या सरकारी सारापट्टीसाठी घरावर आलेल्या जप्तीसारखे होते, आणि बाकी कधी थकली हे विचारण्याऐवजी आपण जप्तीच्या वेळी घरधन्याचा आवाज का कापला एवढीच चर्चा केली. त्याच मैदानावर २०१९ साली दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारताने ५ बाद ६०१ धावांवर डाव घोषित केला आणि कोहलीने नाबाद २५४ धावा काढल्या, तेव्हा संघाच्या मनोधैर्याची चर्चा कोणी केली नाही. ती करण्याची पाळीच आली नाही.

गहुंज्याहून जुन्या महामार्गाने पश्चिमेस निघाले की तालुक्याचे ठाणे जे वडगाव ते लागते; आणि येथे हा प्रश्न खेळाच्या मैदानातून राजकारणाच्या मैदानात जातो. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसविण्याच्या मसलतीने घाट चढून खंडाळ्यास आली. हजारो बैलांचे लटांबर घेऊन ती कासवगतीने पुढे सरकत होती. कार्ल्यापाशी जानेवारीच्या आरंभी तिचा कॅप्टन स्टुअर्ट, ज्याला मराठ्यांनी त्याच्या धाडसावर खूश होऊन ‘इष्टुर फाकडा’ हे नाव दिले होते, तोफेच्या गोळ्याने पडला. ९ जानेवारी १७७९ रोजी ती तळेगावास पोहोचली तेव्हा गाव जाळून ओसाड केलेले होते आणि पुढचा मुलूखही तसाच उजाड मिळणार अशी वार्ता होती. पुणे तेथून नऊ-दहा कोस. बेसबॉलच्या भाषेत बोलायचे तर तिसऱ्या बेसवर येऊन इंग्रज उभे होते. ११ तारखेच्या रात्री अवजड तोफा तलावात लोटून फौजेने माघार घेतली, मराठ्यांनी तिला वडगावात कोंडले, आणि महिन्याच्या मध्यावर तह झाला: १७७३ पासून घेतलेला मुलूख साष्टीसह परत द्यावा, राघोबादादांना हवाली करावे, बंगालहून येणारी फौज माघारी फिरवावी.

इंग्रजांच्या बाजूने दोष कोणाचा याची चौकशी झाली आणि सेनापती एगर्टन व त्याचे सोबती कंपनीच्या नोकरीतून गेले. अखेरचा फलंदाज दोषी हा न्याय त्या काळीही प्रचलित होता. पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो आपल्या बाजूचा हिशेब. तहनामा हाती आला, ओलीस हाती आले. वसूल काय झाले? मुंबईच्या कौन्सिलाने, आपल्या माणसांना असा तह करण्याचा अखत्यारच नव्हता, असे म्हणून तो झुगारला. कलकत्त्याहून हेस्टिंग्जनेही तो नाकबूल केला. राघोबादादा वाटेतून निसटून इंग्रजांकडे गेले. आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. यावर आपल्याकडे एक ठरीव भाष्य आहे: महादजी शिंद्यांनी ऐन वेळी हात आखडला, शत्रू तावडीत असताना त्याला सोडले, स्वतःसाठी भडोचवर नजर ठेवली. या भाष्यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. सालबाईच्या तहाने भडोच शिंद्यांना मिळाले हे कागदोपत्री आहे.

परंतु वडगावी कोंडलेली फौज सर्वच्या सर्व कापून काढली असती म्हणून साष्टी परत आली असती काय? साष्टीच्या भोवती खाडी होती आणि समुद्रावर इंग्रजांचे आरमार होते. ज्या राज्याने तुळाजी आंग्र्यांचे आरमार १७५६ साली इंग्रजांच्याच मदतीने बुडविले, त्या राज्याला तेवीस वर्षांनी समुद्रातले बेट मागताना पायदळाचा विजय पुरणार नव्हता. गॉडर्डची बंगालची फौज त्याच फेब्रुवारीत सुरतेस येऊन दाखल झाली. ती वडगावच्या कोंडीत कधीच नव्हती. तहाची वसुली ज्या साधनांवर अवलंबून होती ती साधने वडगावच्या मैदानात कोणाच्याही निर्धाराने निर्माण होणारी नव्हती. ती एक पिढी आधी गमावलेली होती. यानंतर दोन वर्षांनी, १७८१ मध्ये, गॉडर्ड स्वतः हाच बोरघाट चढून आला आणि एप्रिलात मार खात पनवेलीकडे उतरला. मावळच्या डोंगरांनी आपले काम दोन्ही वेळा चोख बजावले. त्या दोन्ही विजयांचे दाम जेथे मिळायचे ती पेढी किनाऱ्यावर होती.

हाच न्याय महाराष्ट्राच्या रणजी संघाला लावून पाहण्यासारखा आहे, कारण त्याच्याविषयी पुण्याच्या कट्ट्यांवर जो सल आहे तो दुसऱ्या कोणाविषयी नाही. प्राध्यापक दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे करंडक आणल्यानंतर महाराष्ट्र तीन वेळा अंतिम सामन्यात पोहोचला, १९७०-७१ मध्ये मुंबईविरुद्ध, १९९२-९३ मध्ये पंजाबविरुद्ध, २०१३-१४ मध्ये कर्नाटकाविरुद्ध. आणि तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परतला. शेजारच्या मुंबईने मार्च २०२४ पर्यंत अठ्ठेचाळीस अंतिम सामने खेळून बेचाळीस जिंकले. यावरून मुंबईकर जात्याच खडूस आणि पुणेकर अखेरीस हळवे, असा सिद्धांत निघतो आणि तो मोठ्या चवीने सांगितला जातो. मला तो पटत नाही. बेचाळीस या आकड्याइतकाच अठ्ठेचाळीस हा आकडा बोलका आहे. जो संघ उपांत्य सामन्यापर्यंत सर्वांना चिरडत येतो तो अंतिम सामन्यातही बहुधा चिरडतो. त्यासाठी वेगळ्या काळजाची गरज पडत नाही, तोच संघ पुरतो. १९७०-७१ चा सामना या दृष्टीने पाहावा. वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर, अशोक मंकड हे सर्व तेव्हा वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होते. सुधीर नाईकांच्या हाताखालच्या उरलेल्या मुंबईने महाराष्ट्राला ४८ धावांनी हरविले. त्या ४८ धावा कोणाच्या भित्रेपणातून आल्या नाहीत. पाच कसोटीवीर वजा करूनही अकरा माणसे उरतील इतकी माणसे ज्या शहरातील मैदाने तयार करीत होती, त्या मैदानांतून त्या आल्या. आणि २०१३-१४ चे म्हणाल तर वानखेडेवर मुंबईलाच हरवून आलेल्या, केदार जाधवने ज्या हंगामात १,२२३ धावा केल्या त्या संघाच्या पहिल्या डावातील ३०५ ला कर्नाटकाने ५१५ चे उत्तर दिले. २१० धावांच्या पिछाडीनंतर ‘ऐन वेळ’ उरतेच कोठे?

देवधरांची ती दोन वर्षेही याच बाजूने साक्ष देतात. १९४०-४१ चा करंडक अंतिम सामन्यात मद्रासविरुद्ध मिळाला, पण तो खऱ्या अर्थाने मिळाला होता पुण्याच्या त्या प्रदीर्घ सामन्यात, ज्यात मुंबईच्या ६५० धावाही महाराष्ट्राच्या ६७५ पुढे तोकड्या पडल्या आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरील संस्कृतच्या या प्राध्यापकांनी स्वतः २४६ काढल्या.

पुण्यातच अडकून पडलेल्या धावपटूचे जगातील बहुधा सर्वांत विलक्षण उदाहरणही घडले. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा ४५२ चा तेव्हाचा विश्वविक्रम मोडण्यास दहा धावा हव्या होत्या. राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, जे काठेवाडचे कर्णधार होते, सुट्टीच्या वेळी सामनाच सोडून दिला आणि आपला संघ घेऊन ते निघून गेले. निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना पुढेही कधी मिळाला नाही. त्या दहा धावांसाठी निंबाळकरांच्या धैर्यावर बोट ठेवण्याचा अविचार आजवर कोणी केलेला नाही, कारण अडविणारा येथे उघड्या डोळ्यांना दिसतो. जेथे तो दिसत नाही, जेथे तो खेळपट्टीच्या मातीत, पहिल्या डावाच्या पिछाडीत, किंवा वीस वर्षांपूर्वी न बांधलेल्या मैदानात दडलेला असतो, तेथे मात्र आपण सरळ खेळाडूच्या काळजात हात घालतो.

मग अखेरच्या क्षणी मनुष्याचे काळीज डळमळत नाही काय? डळमळते, ज्याने गावच्या जत्रेतही कधी कुस्ती धरली आहे त्याला हे सांगायला नको. परंतु ते प्रतिपक्षाचेही डळमळते. बेस भरलेले असताना फलंदाजाइतकाच चेंडू फेकणाराही धास्तावलेला असतो, आणि अमेरिकेतील आकडे असे सांगतात, की धावपटू बेसवर असताना फलंदाजांची सरासरी एरवीच्या सरासरीहून खाली जात नाही, गेलीच तर किंचित वर जाते. चुकीच्या निदानाचा खर्च मात्र रोकडा असतो. ‘मोक्याला टिकत नाही’ या शेऱ्याखाली चांगला फलंदाज वगळला जातो, त्याच्या जागी दोन सामन्यांत चमकलेला ‘धीराचा’ गडी येतो, आणि तोही वर्षभरात सामान्य ठरला की निवड समिती तिसऱ्याच्या शोधास लागते. दरम्यान सोळा वर्षांच्या मुलाला वळत्या खेळपट्टीवर आठवड्यातून किती चेंडू खेळायला मिळतात, हा प्रश्न कोणत्याही बैठकीच्या कार्यपत्रिकेवर येत नाही. गहुंज्याला २०२३ पासून महाराष्ट्र प्रीमियर लीगचे सामने होऊ लागले आहेत. त्यांतून महाराष्ट्राच्या संघाला किती माणसे मिळतात, हे पाहण्यास दहा वर्षे द्यावी लागतील. तोपर्यंत महाराष्ट्र आणखी एखाद्या अंतिम सामन्यात हरला, तर पराभवाच्या चौकशीत पहिली नोंद अखेरच्या जोडीची न करता, त्याआधीच्या दहा वर्षांत आपण उपांत्य फेरीपर्यंत किती वेळा पोहोचलो याची करावी, एवढीच माझी मागणी आहे.